चालायला लागलेल्या बाळाचे पहिले बाहेरचे बूट: माप कसं घ्यावं, काय टाळावं? (सांगली)

विश्रामबाग_सांगली:

मुलगी तेरा महिन्यांची आहे. आधार न धरता आठ-दहा पावलं टाकते आणि मग बसते. घरात अनवाणीच असते. आता संध्याकाळी आमराईत आणि सोसायटीच्या आवारात खाली सोडायचा विचार आहे. आवारात काँक्रीट, मध्येमध्ये खडी आणि कुंपणाच्या कडेला सराटे आहेत, त्यामुळे पायात काहीतरी हवंच.

अडचण अशी की घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, घोट्याच्या वर येणारे कडक बूट घ्या, नाहीतर पाय फेंगडे राहतील. मुलीचे पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसतात आणि तळवाही सपाट आहे, म्हणून त्यांना काळजी. नणंद म्हणते, दोन वर्षांची होईपर्यंत काहीच घालू नका. ऑनलाइन बघितलं तर एका ठिकाणी 20 नंबर, दुसरीकडे 4, तिसरीकडे 5, आणि काही ठिकाणी नुसतं "12 ते 18 महिने". झोपेत टेप लावून मोजलं तेव्हा उजवा पाय 11.8 सेंटिमीटर आणि डावा 12.1 आला.

शिवाय भेट आलेले दोन जोड आहेत. एक पी-पी वाजणारा, एक दिवे लागणारा. ते घालायचे का? आणि महिन्याभरात पाऊस सुरू होईल, तर आत्ता बूट घ्यावेत की सँडल?


पेठेतला_बूटवाला:

ताई, आधी माप परत घ्या. झोपेतलं माप धरून बूट घेतले तर हमखास तोकडे पडतात, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं आणि लांबतं.

कोरा कागद फरशीवर भिंतीला अगदी टेकवून चिकटवा. गादीवर किंवा सतरंजीवर नको. माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या हालचालीनं पाऊल थोडं फुगलेलं असतं. मोजे घालणार असाल तर मोज्यासकट. बाळाची टाच भिंतीला लागलेली हवी. एकानं समोर बसून तिचे हात धरायचे, पण उचलून धरायचं नाही, वजन तिच्याच पायावर राहिलं पाहिजे. दुसऱ्यानं सर्वात लांब बोटाच्या पुढे पेन्सिल सरळ उभी धरून खूण करायची. पेन्सिल तिरपी झाली की तीन-चार मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, आणि या वयात तेवढ्यात अर्धा नंबर बदलतो. सर्वात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, काही मुलांचं शेजारचं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा आणि जो मोठा तो धरा.

त्या मापात 12 मिलिमीटर मिळवा. ही तुमच्या बुटाची आतली लांबी. चालताना पाऊल बुटात पुढे सरकतं, त्याला जागा लागते, आणि उरलेली जागा पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या वाढीला.

आता दुकानात जाताना एक पट्टी सोबत न्या. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. एक सेंटिमीटर रुंद आणि वर काढलेल्या लांबीची पट्टी कापा, पुढचं टोक गोल करा. ती बुटात टाचेपासून सरकवा. वाकली तर बूट लहान. आत मागेपुढे चार मिलिमीटरच्या वर हलली तर मोठा. नंबर काय छापलाय ते नंतर बघा.

आम्ही दुकानदार बुटाच्या नाकावर अंगठा दाबून "बघा, भरपूर जागा आहे" म्हणतो ना, त्यावर जाऊ नका. दाबल्याबरोबर बाळ बोटं आखडून घेतं आणि खोटी जागा दिसते. त्यापेक्षा आतली सुकतळी सुटी असेल तर बाहेर काढून बाळाला तिच्यावर उभं करा. बोटांपुढे किती उरतं आणि करंगळी कडेबाहेर जाते का, दोन्ही एका नजरेत कळतं. करंगळी बाहेर गेली तर बूट अरुंद आहे, तिथे एक नंबर वाढवून उपयोग नाही. लांबी वाढते, पण पंजा दाबलेलाच राहतो. दुसरा साचा बघायचा.

सर्वात जास्त चूक होते ती वाढत्या अंगाचे बूट घेण्यात. झबली-फ्रॉक दोन मापं मोठे घेतले तर बाह्या दुमडता येतात. बूट दुमडता येत नाही. पंधरा-सतरा मिलिमीटरच्या पुढे मोकळी जागा गेली की बुटाचं नाक जमिनीला अडकतं आणि लेकरू तोंडावर पडतं. तोल आधीच कच्चा असतो, त्यात हे.

बूट हातात घेतल्यावर बघायच्या गोष्टी: पुढचा तिसरा हिस्सा, जिथे बोटं वाकतात तिथेच, दोन बोटांच्या जोरानं वाकला पाहिजे. मध्यभागी मुडपत असेल तर नको, आणि पुढे वाकतच नसेल तर मुळीच नको. टाचेमागची बाजू चिमटीत दाबा, ती थोडी ताठ हवी, नाहीतर टाच आत डुलते. सोल पातळ, चवड्याखाली पाचेक मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, आणि सपाट. उंच टाच नको. एका बुटाचं वजन शंभर ग्रॅमच्या आत असलेलं बरं. घरी किचनचा काटा असेल तर टाकून बघा, काही गोंडस दिसणारे जोड उचलल्यावर दगड निघतात.

तोंड मोठं उघडणारं घ्या. या वयातलं पाऊल वरून गुबगुबीत असतं. जीभ खोल खालपर्यंत उघडली नाही तर पाय कोंबावा लागतो आणि बोटं आत मुडपून बसतात. चिकटपट्टी रुंद, एक किंवा दोन. लेस सुटते आणि पायात येते.


फिजिओ_सातारा:

मापाबद्दल वर सगळं आलंय. मी कडक बूट आणि वाकड्या पायांबद्दल लिहिते, कारण घरोघरी वाद तिथेच असतो.

बूट चालायला शिकवत नाहीत. ते काटे, काच, खडी आणि तापलेली फरशी यांपासून पाय वाचवायला असतात. ओल्या मातीतल्या हुकवर्मच्या (आतड्यात राहणाऱ्या जंताच्या) अळ्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात, हेही बाहेर पायात काहीतरी घालायचं एक कारण. त्यामुळे घरात अनवाणी आणि बाहेर बूट, एवढं साधं आहे. म्हणजे तुमची नणंद घरापुरती बरोबर आहे. अनवाणी चालताना बाळाला तळव्यातून जमीन कळते आणि बोटांनी पकड घेता येते. तोल सावरण्यात याचा मोठा वाटा आहे.

नवं चालणारं बाळ पाय फाकवून, हात वर धरून, अख्खं पाऊल सपाट टाकतं. आधी टाच, मग चवडा असं मोठ्यांसारखं पाऊल साधारण दोन वर्षांच्या आसपास बसतं. तळ कडक असेल तर पाऊल वाकत नाही, मग अख्खा पाय मांडीतून उचलून आपटावा लागतो. कडक बुटातलं मूल बाहुल्यासारखं चालतं ते यामुळे.

घोट्यावर येणारा बूट घोट्याला आधार देतो, असं सरसकट मानतात. निरोगी बाळाच्या घोट्याला त्या आधाराची गरज नसते. उकिडवं बसणं, उठणं, चढ चढणं यासाठी घोटा सगळ्या बाजूंनी हलावा लागतो. मऊ गादीची उंच कॉलर चालेल, तिचा एकच खरा फायदा म्हणजे बाळाला बूट सहजी काढून फेकता येत नाही. कडक कॉलर नको.

आता सपाट तळवा. बाळाच्या तळव्यात चरबीची गादी असते, तिच्यामुळे कमान दिसत नाही. कमान हळूहळू, साधारण सहा वर्षांपर्यंत घडते. 1989 मध्ये वेंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लवचीक सपाट पाय असलेल्या एक ते सहा वर्षांच्या मुलांचे गट केले. काहींना खास बूट, काहींना आत घालायचे साचे, आणि एका गटाला काहीच नाही. तीन वर्षांनी सगळ्याच गटांत सुधारणा दिसली. खास बूट घातलेली मुलं काही न दिलेल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. आपल्याकडचा 1992 चा राव आणि जोसेफ यांचा अभ्यासही बघण्यासारखा आहे. 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे घेतले होते. बूट-चपला वापरणाऱ्यांत 8.6 टक्के मुलांचे पाय सपाट निघाले आणि अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. यावरून बूट घातले की पाय सपाट होतातच असं ठरत नाही, पण कमान घडवण्यासाठी लवकर बूट घाला या समजुतीला आधार उरत नाही. सासूबाईंना हे आकडे वाचून दाखवा.

गुडघ्यातला बाहेरचा बाकही दोन वर्षांपर्यंत नेहमीचा असतो. पुढे तीन-चार वर्षांच्या वयात उलटं होतं, गुडघे एकमेकांना लागतात, आणि सहा-सातपर्यंत सरळ होतं. हे बुटानं बदलत नाही.

हाडांच्या किंवा बालरोगतज्ज्ञाकडे जायचं ते वेगळ्या कारणांसाठी: अठरा महिने पूर्ण झाले तरी चालत नाही, लंगडतं, एकच पाय वाकडा आहे किंवा एकाच बाजूला बाक जास्त आहे, दोन वर्षांनंतरही बाक वाढतोय, मनगटं जाड दिसतात (हे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं, म्हणजे मुडदुसाचं लक्षण असू शकतं), दोन वर्षांनंतरही कायम चवड्यावर चालतं, तळवा ताठ आहे आणि मूल चवड्यावर उभं राहिलं तरी कमान दिसत नाही.

आणि वॉकरमध्ये बसवत असाल तर बंद करा. त्यात मूल चवड्यानं ढकलत राहतं, शिवाय पायऱ्यांवरून पडण्याचे अपघात इतके की कॅनडानं 2004 मध्ये विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा चालेल. त्यात स्वतःचं वजन स्वतःच्या पायावर असतं. फक्त गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळतो, तेव्हा पुढच्या पट्टीला हात लावून ठेवा.


विश्रामबाग_सांगली:

दोघांचेही आभार. आत्ता भिंतीला टेकवून, मोज्यासकट, उभं करून मोजलं. उजवा 12.0, डावा 12.3. म्हणजे आतली लांबी 13.5 हवी. मग नंबर कोणता? मारुती रोडला जाणारच आहे, पण एक जोड ऑनलाइन आवडलाय.


पेठेतला_बूटवाला:

झोपेतल्या आणि उभ्या मापात दोन मिलिमीटर फरक आला बघा.

तुम्हाला दिसलेले 20, 4 आणि 5 हे जवळपास एकाच मापाचे तीन पत्ते आहेत. इंग्लंडची मोजणी चार इंचांपासून सुरू होते आणि दर नंबरला एक तृतीयांश इंच, म्हणजे 8.47 मिलिमीटर वाढतात. त्या हिशेबानं 4 नंबरचा फरमा (ज्यावर बूट बेततात तो पावलाच्या आकाराचा साचा) 135.5 मिलिमीटर. युरोपची मोजणी शून्यापासून, दर नंबरला 6.67 मिलिमीटर, 20 म्हणजे 133 आणि 21 म्हणजे 140. अमेरिकेचा आकडा लहान मुलांत इंग्लंडपेक्षा साधारण एकानं जास्त, म्हणून तिथे 5.

तुमच्या मुलीला 135 हवे, तर इंग्लंडचा 4 नेमका बसतो. युरोपच्या 20 मध्ये दहा मिलिमीटर मोकळे राहतात. आज चालतील, पण लवकर संपतील. 21 मध्ये सतरा उरतात, ते जास्त.

मात्र हा झाला कागदावरचा हिशेब. फरम्याची लांबी आणि आतली जागा यांत अस्तर, गादी आणि नाकाचा आकार यांमुळे फरक पडतो, आणि प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं नंबर छापते. ऑनलाइन घेताना वस्तूच्या माहितीत सेंटिमीटर शोधा. ते पावलाची लांबी सांगतात की बुटाच्या आतली, हे वाचा. तुमच्या बाबतीत पहिलं 12.3 च्या जवळ हवं आणि दुसरं 13.5 च्या. नुसतं बाहेरच्या सोलचं माप दिलं असेल तर ते सोडून द्या, त्यात कडांची जाडी धरलेली असते. महिन्यांवरून तर घेऊच नका. एकाच वयाच्या दोन मुलांच्या पायात दोन नंबरांचा फरक सहज असतो.

जोड आला की घरात धुतलेल्या चादरीवर घालून बघा, सोल मळला तर परत घेत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवा, मग मोजे काढून पाय तपासा. शिवणीचा पुसट ठसा चालतो. टाचेवर, करंगळीच्या बाजूला किंवा पावलाच्या वर लाल डाग पडला आणि दहा मिनिटांत गेला नाही, तर बूट परत करा. "घालून घालून सैल होईल" हे चामड्याच्या मोठ्या बुटांचं शास्त्र आहे, बाळाच्या पायावर ते चालवायचं नाही.


कास_रोड:

पावसाबद्दल. सांगलीत साताऱ्याच्या पश्चिमेइतका पाऊस नाही, पण काळी माती आहे आणि ती जास्त त्रास देते. खोल नक्षीच्या सोलमध्ये ती भरते, वाळून घट्ट होते आणि बूट दुप्पट जड होतो. म्हणून नक्षी उथळ पण दाट असलेला रबराचा सोल बघा. चकाकणारा कडक पीव्हीसी सोल ओल्या फरशीवर साबणासारखा सरकतो. दुकानातच फरशीवर चार थेंब पाणी टाका, बूट हातानं दाबून पुढे ढकला. अडखळला तर ठीक.

आत्ता एकच जोड घ्यायचा तर माझं मत सँडलला, पण पुढून बंद असलेल्या. बोटं झाकलेली, बाजूला भोकं, टाचेमागे पट्टा. पाणी शिरलं तरी निघून जातं आणि रात्रीत वाळते. टाचेला पट्टा नसलेलं काहीही नको. ते पायात टिकवायला बाळ बोटं वाकडी करून धरतं. पावसाळी गमबूट या वयात जड आणि ताठ पडतात, पळता येऊ लागल्यावर बघा.

बंद बूट भिजले तर सुकतळी काढून वेगळी वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभरानं बदला आणि पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ, गिझरवर किंवा कडक उन्हात ठेवलं की सोल्यूशन सुटतं आणि पुढच्याच आठवड्यात नाक उघडतं. ओल्या मोज्यात पाय ठेवू नका, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते. आणि जुलैत अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, तिथे कुठलाच सोल उपयोगाचा नाही. खराट्यानं घासून घ्या.

पाऊस पडेपर्यंत उलटी काळजी. दुपारी तुमच्याकडे काँक्रीट इतकं तापतं की पातळ सोलमधूनही चटका बसतो. हाताची मागची बाजू पाच सेकंद जमिनीवर ठेवून बघा. ठेववत नसेल तर बूट असले तरी बाळाला खाली सोडू नका.


मिरजेचे_काका:

थोरल्याचे बूट धाकटीला चालतात का? आणि पहिल्या वाढदिवसाला परकर-पोलक्यावर छोट्या कोल्हापुरी घालायच्या असतात आमच्यात, त्याचं काय?


पेठेतला_बूटवाला:

काका, बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजलेली असेल किंवा सुकतळीवर बोटांचे खड्डे पडले असतील तर नको, दुसऱ्याच्या पायाचा साचा तिला जबरदस्तीनं मिळतो. दोन-चार लग्नांतच घातलेला जोड असेल आणि पट्टी बरोबर बसत असेल तर खुशाल घाला.

कोल्हापुरी आपल्याच भागातली आहे. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर सांगली-सातारा आहेत, शिवाय कर्नाटकातले चार जिल्हे. पण चामड्याचा तळ पुढे वाकत नाही आणि फरशीवर सटकतो. लहान मापाला मागे इलॅस्टिक लावून देतात, तरी अंगठ्याचा वेढा नव्या चालणाऱ्याला त्रास देतोच. कडेवर असताना फोटोपुरती घाला.


फिजिओ_सातारा:

भेट आलेल्या जोडांचं राहिलं. वाजणाऱ्या बुटाच्या टाचेत प्लास्टिकची शिट्टी नुसती दाबून बसवलेली असते. ती निघाली की थेट तोंडात, आणि आकार नेमका घशात अडकण्याजोगा. शिवाय आवाज काढायला मूल टाच आपटत चालतं. शिट्टी पकडीनं काढून टाका, भोक रिकामं राहू द्या, आणि मग बाकीच्या कसोट्यांवर बूट उतरतो का बघा.

दिव्यांच्या बुटात बटण सेल असतो. सोलमध्ये पक्का बंद असेपर्यंत धोका नाही, पण सोल फाटू लागला की बूट लगेच बाजूला काढा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. नुसती शंका आली तरी उलटी न करवता, घरगुती उपाय न करता, लगेच एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

मोजे सुती, बोटांपुढे अर्धा सेंटिमीटर मोकळे. घट्ट मोजा बुटाइतकाच बोटं दाबतो. घालण्याआधी उलटे करून आतले लोंबते धागे कापा. धागा किंवा केस बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही.


विश्रामबाग_सांगली:

शेवटचं. पायात चांदीचे वाळे आणि काळा दोरा आहे. बूट घालताना काढायचे का? आणि माप परत कधी घ्यायचं?


पेठेतला_बूटवाला:

वाळे काढा. कॉलरच्या आत गेले की चालताना घोट्याचं हाड घासतं, आणि घुंगरू असतील तर तेही सुटून तोंडात जातात. दोरा ठेवायचाच असेल तर त्याच्याखाली तुमचं एक बोट सहज फिरलं पाहिजे. पाय भराभर भरतो आणि मोज्याखाली दोरा करकचला तरी दिसत नाही, म्हणून आंघोळीच्या वेळी रोज बघा.

माप दर सहा ते आठ आठवड्यांनी घ्या. पट्टीवर तारीख टाकून ठेवा. बोटांपुढे पाच-सहा मिलिमीटरच उरले की बूट नवा दिसत असला तरी बदलायचा. अधूनमधून बाळ बूट बघून पाय आखडून घेऊ लागलं किंवा घातल्याबरोबर बसकण मारू लागलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोजा.